भाषांतरातून घडलेली इंग्रजी : काही तत्त्वशब्दांची व्युत्पत्ती आणि अर्थांतर

पाश्चात्त्य तत्त्वज्ञान वा साहित्यशास्त्र मराठीत मांडताना परिभाषेचा प्रश्न उपस्थित झाला, की एक गृहीत नकळत मान्य केले जाते. इंग्रजी संज्ञा ही मूळ आणि मराठी संज्ञा हा तिचा पर्याय, असे ते गृहीत होय. मराठी प्रतिशब्द कृत्रिम वाटतात, इंग्रजी शब्दाची सहजता त्यांत उतरत नाही, ही नित्याची तक्रारही याच गृहीतातून उद्भवते. वस्तुतः 'क्वालिटी', 'एसेन्स', 'सबस्टन्स', 'पर्सन', 'मॉरल', 'सब्जेक्ट', 'ऑब्जेक्ट' यांपैकी एकही शब्द इंग्रजीच्या मातीत उगवलेला नाही. हे सर्व लॅटिनमधून, बहुतांशी फ्रेंचच्या वाटेने, इंग्रजीत आले. आणि त्यांतील बरेचसे लॅटिनमध्येही ग्रीक शब्दांचे प्रतिशब्द म्हणून मुद्दाम घडविलेले किंवा नव्या अर्थाकडे वळविलेले होते. म्हणजे मराठी परिभाषाकार ज्याला मूळ समजून पर्याय शोधू लागतो, तो शब्द स्वतःच एका जुन्या परिभाषाकाराने शोधलेला पर्याय असतो. प्रस्तुत लेखात अशा निवडक शब्दांचा मागोवा घेतला असून, मराठी प्रतिशब्दांशी त्यांचे नाते नेमके कोठे जुळते व कोठे उलटते, याकडे विशेष लक्ष पुरविले आहे.

या इतिहासात सर्वाधिक लक्षणीय वर्ष इ. स. पू. ४५ हे म्हणावे लागेल. रोममध्ये सीझरची एकहाती सत्ता स्थिरावली होती आणि सिसेरोसारख्या गणराज्यवादी वक्त्याला सार्वजनिक जीवनात करण्याजोगे फारसे काही उरले नव्हते. त्याच वर्षाच्या आरंभी त्याची कन्या तुलिया मरण पावली. या दुहेरी आघातानंतरच्या अल्पावधीत सिसेरोने ग्रीक तत्त्वज्ञानाचा मोठा भाग लॅटिनमध्ये आणण्याचे काम आश्चर्य वाटावे अशा वेगाने पार पाडले. त्याआधी लुक्रेशियस या कवीने अणुवादाचे विवेचन करताना लॅटिन भाषेच्या दारिद्र्याविषयी खंत व्यक्त केली होती. सिसेरोची भूमिका नेमकी विरुद्ध होती. लॅटिन ही ग्रीकपेक्षा दरिद्री तर नाहीच, उलट अधिक संपन्न आहे, असे त्याने ठामपणे लिहिले. हा दावा अतिशयोक्त आहे यात शंका नाही. परंतु ज्ञानाच्या भाषेपुढे आपली बोली उभी करणाऱ्याला थोडी अतिशयोक्ती करावीच लागत असावी. मराठी वाचकाला या ठिकाणी ज्ञानेश्वरांच्या मराठीविषयीच्या अभिमानाची आठवण होणे स्वाभाविक आहे.

'क्वालिटी' हा शब्द सिसेरोच्या या प्रकल्पाचे अपत्य होय. ग्रीकमध्ये 'पोइओस' म्हणजे 'कसा', 'कोणत्या प्रकारचा'. त्यावरून प्लेटोने 'थीइटेटस' या संवादात 'पोइओतेस' असे भाववाचक नाम योजले आणि हा शब्द ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटेल, अशी कबुलीही सॉक्रेटिसच्या तोंडून देवविली. सिसेरोने 'अकाडेमिका' या ग्रंथात हीच प्रक्रिया लॅटिनमध्ये तंतोतंत गिरविली. 'क्वालिस' म्हणजे 'कसा'. त्याला भाववाचक '-तास' हा प्रत्यय जोडून 'क्वालितास' सिद्ध झाले. (हा '-तास' संस्कृतातील '-ता' प्रत्ययाचा आप्त आहे.) नव्या वस्तूंसाठी नवे शब्द वापरण्याची मुभा संवादातील वारो हे पात्र आधी मागून घेते, आणि हा शब्द ग्रीकांतही सामान्य जनांचा नसून तत्त्वज्ञांचा आहे, असे सांगून आपली बाजू सावरते. सहजतेचा नमुना मानल्या गेलेल्या 'क्वालिटी' या शब्दाचा जन्म असा दोन भाषांत दोनदा क्षमायाचना करीत झाला.

मराठीत याच रीतीने शब्द घडविला असता, तर तो 'कसेपण' असा झाला असता. 'क्वांटिटी'ला 'केवढेपण' म्हणावे लागले असते, आणि मध्ययुगीन पंडितांनी 'क्विद', म्हणजे 'काय', यापासून बनविलेल्या 'क्विडितास'ला 'कायपण'. हे शब्द आज ऐकताना हसू येते. परंतु ती पद्धत मराठीला परकी नाही. संतवाङ्मयात 'मीपण', 'तूपण', 'एकपण' यांसारख्या शब्दांनी मोठा तात्त्विक भार वाहिला आहे आणि सर्वनामाला वा संख्यावाचकाला 'पण' जोडण्याचे धैर्य तेथे पुरेपूर दिसते. आधुनिक परिभाषाकारांनी मात्र ही वाट सोडून संस्कृतातील तयार शब्द स्वीकारणे पसंत केले.

'क्वालिटी'साठी स्वीकारलेला 'गुण' हा असाच तयार शब्द. तो प्रश्नातून निघालेला नाही. त्याचा एक जुना अर्थ दोरी, धनुष्याची प्रत्यंचा असा आहे. वैशेषिक दर्शनात गुण म्हणजे द्रव्याच्या आश्रयाने राहणारा धर्म, आणि या अर्थी तो 'क्वालिटी'च्या बराच जवळ येतो. सांख्यांचे सत्त्व, रज, तम हे गुण मात्र प्रकृतीचे धर्म नसून तिचे घटक आहेत. तेथे 'क्वालिटी' हे भाषांतर सरळ चुकीचे ठरते. लोकभाषेत दोन्ही शब्दांनी जी वाटचाल केली, ती मात्र विलक्षण समांतर आहे. 'कसेपण' हा तटस्थ अर्थ मागे पडून इंग्रजीत 'क्वालिटी' म्हणजे चांगली प्रत असा अर्थ रूढ झाला. सतराव्या-अठराव्या शतकांत तर उच्चकुलीन मंडळींनाच 'क्वालिटी' म्हणत. मराठीतही 'गुणी मूल' म्हणजे चांगल्या गुणांचे मूल, हे वेगळे सांगावे लागत नाही. औषधाला 'गुण' येतो, परीक्षेत 'गुण' मिळतात, आणि पोराने 'गुण उधळले' असे म्हटले की तटस्थ अर्थाची उरलीसुरली छटाही उपरोधात बुडून जाते.

'मॉरल' या शब्दाचा उगमही सिसेरोकडेच आहे. ग्रीक 'एथिके' हे 'एथोस', म्हणजे स्वभाव, शील, यावरून आलेले. त्याऐवजी 'मोस', म्हणजे रूढी, चालरीत, यापासून 'मोरालिस' असे विशेषण करून त्याने लॅटिनच्या श्रीमंतीत भर घातली. इंग्रजीत पुढे 'एथिकल' आणि 'मॉरल' हे दोन्ही शब्द नांदू लागले, आणि त्यांत सूक्ष्म भेद काय, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. तो भेद आरंभी केवळ मूळ आणि भाषांतर एवढाच होता.

'सबस्टन्स'ची कथा अधिक गुंतागुंतीची असून तीत माणसांचे प्रत्यक्ष नुकसान झाले आहे. ॲरिस्टॉटलची मध्यवर्ती संज्ञा 'ऊसिया' ही 'असणे' या धातूपासून बनली. तिचा सरळ प्रतिशब्द 'एसेन्तिया'. हा शब्द सेनेका सिसेरोच्या नावावर नोंदवितो, पण तो देताना तो कानाला खटकेल म्हणून वाचकाची मनधरणी करतो. शब्द रुजायला वेळ लागला, आणि दरम्यान 'सुबस्तान्तिया', शब्दशः 'खाली उभे असलेले', ही संज्ञा 'ऊसिया'च्या जागी बसली. अडचण अशी, की ग्रीकमध्ये तंतोतंत याच बांधणीचा दुसरा शब्द होता : 'हिपोस्तासिस', म्हणजेही 'खाली उभे असलेले'. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित ईश्वराच्या त्रित्वाविषयी वाद घालू लागले, तेव्हा पूर्वेकडील ग्रीकभाषक एक 'ऊसिया' आणि तीन 'हिपोस्तासिस' असे म्हणू लागले. लॅटिनभाषक एक 'सुबस्तान्तिया' आणि तीन 'पेर्सोना' असे म्हणत. ग्रीकांचे वचन लॅटिनमध्ये शब्दशः उतरविले की 'तीन सुबस्तान्तिया', म्हणजे तीन देव, असा अर्थ निघे. लॅटिन वचन ग्रीक कानांना 'तीन मुखवटे' असे ऐकू येई. दोन्ही पक्षांना समोरचा पाखंडी वाटे. इ. स. ३६२ मध्ये अलेक्झांड्रिया येथील परिषदेत अथानेशियसच्या पुढाकाराने उभय पक्षांना आपापल्या शब्दांचा अर्थ विचारण्यात आला आणि भेद शब्दांचा आहे, श्रद्धेचा नव्हे, असे निष्पन्न झाले. तरीही त्यानंतर काही वर्षांनी जेरोमने सीरियाच्या वाळवंटातून रोमच्या धर्मगुरूंना लिहिलेल्या पत्रात आपल्याकडून 'तीन हिपोस्तासिस' वदवून घेतले जात असल्याचे गाऱ्हाणे मांडले. आणि ऑगस्टीनसारख्या प्रज्ञावंतानेही ग्रीक लोक या दोन शब्दांत कोणता भेद करू पाहतात हे आपल्याला उमगत नाही, असे लिहून ठेवले. पारिभाषिक शब्दांचा काटेकोरपणा हा पंडितांचा रिकामपणाचा उद्योग आहे, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य अभ्यासावे.

या वादातून 'पर्सन' या शब्दाला जे वजन आले, ते त्याच्या मूळ अर्थात मुळीच नव्हते. 'पेर्सोना' म्हणजे नटाचा मुखवटा, नंतर नाटकातील पात्र, नंतर न्यायालयातील पक्षकार. ज्यातून आवाज घुमतो तो, अशी त्याची जी व्युत्पत्ती जुन्या रोमन लेखकांनी दिली, ती आज लोकव्युत्पत्ती मानली जाते. सहाव्या शतकाच्या आरंभी बोएथियसने विवेकशील स्वभावाचे अविभाज्य द्रव्य अशा आशयाची व्याख्या केली आणि मुखवट्याचा आत्मा झाला. मराठीतील 'व्यक्ती' हा शब्द याच्या नेमका उलट टोकाला उभा आहे : मुखवटा झाकतो, तर 'व्यक्ती' म्हणजे प्रकट होणे. न्यायदर्शनात जाती आणि आकृती यांच्यासमवेत पदार्थविचारात येणारी 'व्यक्ती' ही माणूसच असली पाहिजे असे नाही. एखादी गायही व्यक्तीच. मराठीने तिला माणसापुरती मर्यादित केली, पण संस्कृतातील स्त्रीलिंग कायम ठेवले. त्यामुळे कितीही भारदस्त पुरुष असला, तरी तो 'ती व्यक्ती'च राहतो.

'सबस्टन्स'च्या मराठी प्रतिशब्दाबाबत एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. तत्त्वज्ञानाबाहेरच्या नित्याच्या ग्रीकमध्ये 'ऊसिया' म्हणजे मालमत्ता, संपत्ती. इंग्रजीत आजही 'मॅन ऑफ सबस्टन्स' म्हणजे सधन गृहस्थ. वैशेषिकांचे नऊ पदार्थ ज्याने निर्देशिले जातात, तो 'द्रव्य' हा शब्दही मराठीत पैशाचा वाचक आहे. 'द्रव्यलोभ' हा तात्त्विक दोष नव्हे. 'रिअल' हा शब्द ज्या लॅटिन 'रेस'वरून आला, त्याचा वैदिक भाषेतील सोयरा 'रयि', म्हणजे धन, हाच आहे. म्हणूनच इंग्रजी कायद्यात जमीनजुमला 'रिअल इस्टेट' ठरतो. खरोखर आहे ते कोणते, या प्रश्नाचे उत्तर माणसाने भाषांभाषांतून प्रथम आपल्या घराकोठारात शोधलेले दिसते.

'आयडिया'विषयी थोडक्यात सांगता येईल. 'इदेइन', म्हणजे पाहणे, यापासून तो आला. संस्कृत 'विद्' आणि लॅटिन 'विदेरे' हे त्याच कुळातील. प्लेटोची 'इदेआ' मनात राहत नव्हती. ती मनाबाहेर, शाश्वत आणि मनाहून अधिक सत्य होती. पुढे ती ईश्वराच्या बुद्धीत गेली, देकार्तच्या लेखनात माणसाच्या मनात उतरली, आणि विचार करताना बुद्धीसमोर जे काही असते ते म्हणजे 'आयडिया', इतका सैल अर्थ लॉकने १६९० मधील प्रबंधात स्वीकारला. मराठीत 'आयडिया' म्हणजे नामी युक्ती. प्लेटोपासूनचा हा प्रवास याहून दूर जाणे अवघड आहे. म्हणूनच 'आयडियलिझम'ला सरसकट 'आदर्शवाद' म्हणणे दिशाभूल करते. 'चिद्वाद' ही संज्ञा निदान लॉकनंतरच्या विचारांना तरी न्याय देते.

आता 'सब्जेक्ट' आणि 'ऑब्जेक्ट'. या जोडीइतकी उलटापालट अन्य कोणत्याही शब्दाच्या वाट्याला आली नसावी. ॲरिस्टॉटलचा 'हिपोकेइमेनोन', म्हणजे 'खाली असलेले', ज्याच्याविषयी काही सांगितले जाते पण जे स्वतः इतर कशाविषयी सांगितले जात नाही ते. लॅटिनमध्ये त्याचे 'सुबयेक्तुम', 'खाली टाकलेले', झाले. घोडा, दगड, झाड हे सर्व या अर्थी 'सब्जेक्ट'च. राजाच्या अमलाखाली असलेली प्रजा 'सब्जेक्ट', आणि एखाद्या शास्त्राचा पायाभूत विषयही 'सब्जेक्ट'. याउलट 'ओबयेक्तुम', 'समोर टाकलेले', म्हणजे इंद्रियापुढे वा बुद्धीपुढे आलेले. दृष्टीचे 'ऑब्जेक्ट' रंग. (मराठी रंगभूमीवरील वकील उच्चारवाने 'ऑब्जेक्शन' घेतो, तेव्हा तोही समोर काहीतरी टाकतच असतो.) परिणामतः मध्ययुगीन पंडितांच्या भाषेत एखादी गोष्ट 'सब्जेक्टिव्ह' रीतीने आहे याचा अर्थ ती स्वतः वस्तुतः आहे, आणि 'ऑब्जेक्टिव्ह' रीतीने आहे याचा अर्थ ती केवळ ज्ञानापुढे भासमान आहे. १६४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मेडिटेशन्स'च्या तिसऱ्या प्रकरणात देकार्त कल्पनेच्या 'ऑब्जेक्टिव्ह' सत्तेविषयी बोलतो, तेव्हा कल्पनेने दर्शविलेला आशय एवढेच त्याला अभिप्रेत असते. हे न जाणता आजच्या अर्थाने ते प्रकरण वाचणारा विद्यार्थी पहिल्याच युक्तिवादात अडखळतो.

१७८१ मध्ये कांटचा शुद्ध बुद्धीच्या चिकित्सेचा ग्रंथ आला, तोवर अर्थ पूर्ण फिरले होते. याचे बीज देकार्तच्याच विचारात आहे. सर्व काही संशयास्पद ठरल्यावर 'मी विचार करतो' एवढेच निःशंक उरले, तर सर्वांच्या खाली असलेला खरा आधार हा 'मी'च ठरतो. अनेक 'सब्जेक्टां'पैकी एक असलेला जाणता जीव असा एकमेव 'सब्जेक्ट' झाला, आणि त्याच्यापुरते जे ते 'सब्जेक्टिव्ह', व्यक्तिगत, म्हणून दुय्यम ठरले. इंग्रजीत ही जोडी पुन्हा प्रचारात आणल्याचे श्रेय कोलरिजने १८१७ मधील 'बायोग्राफिया लिटरारिया'त स्वतःकडे घेतले आहे. तेथून ती काव्यसमीक्षेत गेली.

संस्कृत परंपरेत या जोडीशी सर्वांत निकटचे शब्द 'विषयी' आणि 'विषय' हे होत. ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच शंकराचार्यांनी जाणणारा विषयी व जाणला जाणारा विषय यांना प्रकाश आणि अंधार यांच्याप्रमाणे परस्परविरोधी मानले आहे. म्हणजे 'सब्जेक्ट' विषयी, आणि 'ऑब्जेक्ट' विषय. परंतु मराठी शाळेत 'सब्जेक्ट' म्हणजेच 'विषय'! येथे कोणाची चूक झालेली नाही. लॅटिनने शास्त्राच्या पायाखाली असलेल्याला 'सब्जेक्ट' म्हटले. संस्कृतने अभ्यासकाच्या बुद्धीसमोर असलेल्याला 'विषय' म्हटले. एकाच गोष्टीकडे दोन भाषांनी दोन बाजूंनी पाहिले, आणि कोशात ते शब्द समोरासमोर आले. 'विषयी' या शब्दाची मराठीतील गत मात्र करुण आहे : वेदान्तातील साक्षी आत्मा असलेला हा शब्द बोलीत एकतर भोगासक्त माणसाचा वाचक आहे, किंवा 'त्याच्याविषयी' यातील निमूट शब्दयोगी अव्यय.

इंग्रजीनेही कधीकाळी आपल्या मातीतले शब्द घडवून पाहिले, हे येथे नमूद केले पाहिजे. १५७३ मध्ये राल्फ लिव्हर याने तर्कशास्त्रावरील आपल्या पुस्तकात 'लॉजिक'ला 'विटक्राफ्ट', म्हणजे बुद्धीची कारागिरी, असे नाव दिले. उद्देश्याला 'फोरसेट', विधेयाला 'बॅकसेट', निष्कर्षाला 'एंडसे', आणि व्याख्येला 'सेव्हॉट', म्हणजे 'काय ते सांग'. नांगरधाऱ्यालाही अर्थ लागावा असे हे शब्द होते, आणि त्यांतील एकही टिकला नाही. लॅटिन जाणणाऱ्या विद्वानांना त्यांची गरज नव्हती, आणि ज्यांना गरज होती ते तर्कशास्त्र वाचत नव्हते. सिसेरोचा वाचक ग्रीक जाणत असूनही त्याचे शब्द टिकले, कारण पुढे पश्चिम युरोपातून ग्रीकच जवळजवळ लोपली आणि लॅटिन ही एकमेव ज्ञानभाषा उरली. शब्द किती सुबोध, यापेक्षा त्याच्यामागे कोणती ज्ञानव्यवस्था उभी राहते, हे अधिक निर्णायक ठरलेले दिसते. लिव्हरच्या पराभवाची किंमत इंग्रजीभाषकाने आजवर मोजली आहे : 'सब्जेक्ट'मध्ये 'खाली' काही आहे, हे त्याला शब्द ऐकून कळत नाही. आतील अर्थ कानाला ऐकू येईनासा झाला, की शब्द कोठेही वाहत जाऊ शकतो.

मराठी समीक्षेत कोलरिजची जोडी 'आत्मनिष्ठ' आणि 'वस्तुनिष्ठ' या रूपाने रुजली. दोन्ही शब्द बांधेसूद आहेत, आणि त्यांचे घटक मराठी वाचकाला अद्याप ऐकू येतात. नेमके यामुळेच येथे वेगळा पेच पडतो. शंकराचार्यांनी ज्ञान 'वस्तुतंत्र' आणि कर्म 'पुरुषतंत्र' असा भेद केला आहे. जाणणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नाही ते वस्तुतंत्र, असा 'वस्तुनिष्ठ'च्या अगदी जवळचा हा विचार आहे. परंतु त्याच दर्शनात परमार्थाने 'वस्तू' म्हणण्याजोगे काही असेल, तर ते ब्रह्म, आणि ब्रह्म म्हणजे आत्मा. त्या परिभाषेत आत्म्याच्या ठायी निष्ठा असलेला आणि वस्तूच्या ठायी निष्ठा असलेला हे दोघे निराळे नसतात. संतांच्या अभंगांना समीक्षक 'आत्मनिष्ठ काव्य' म्हणतो, तेव्हा कवीच्या खासगी भावविश्वाचा आविष्कार असे त्याला सांगायचे असते. अभंगकर्त्याच्या कोशात त्याच शब्दाचा अर्थ खासगीपणाचा संपूर्ण निरास असा होतो; आणि समीक्षकाच्या वाक्यात यांतील कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे संदर्भावाचून कोणताही वाचक सांगू शकत नाही.